उस्तादांची गाडी का दमते

मंगळवारी दुपारी सासऱ्यांची गाडी पुन्हा चढावर दमली. आत इस्पितळाला निघालेले तीन पॅसेंजर, त्यातल्या एका बाईच्या हाताला प्लास्टर, आणि गाडी पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, ऐन वळणावर, जागची हलेना. मी मागून रिकामी येत होते. थांबले, त्यांचे पॅसेंजर माझ्या गाडीत घेतले आणि वर सोडून आले. माझ्या गाडीत तेव्हा संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं चार्जिंग शिल्लक होतं.

आता यात गंमत अशी, की दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच ट्रकमधून एकाच दिवशी उतरलेल्या. दोन्ही विजेवरच्या, तीनचाकी, शेवाळी रंगाच्या. रात्री दोघी आमच्याच दारात, एकाच भिंतीतल्या दोन प्लगांना. सकाळी दोघींचं पोट भरलेलं. रस्ताही एकच. खाली बसस्थानक, वर टेकडीवरचं इस्पितळ, आणि दिवसभर खालीवर. मग सासऱ्यांची गाडी दुपारीच का दमते आणि माझी दिवेलागणीपर्यंत का पळते?

"माल खराब आहे," आबा म्हणाले. माझे सासरे ते आबा. उत्तर त्यांच्याकडे प्रश्नाच्या आधीच तयार असतं.

"पण आबा, मग माझी कशी चालते?"

"तुझं नशीब."

नशीब हे उत्तर मला शाळेपासून पटत नाही. गणित चुकलं की नशीब, दूध उतू गेलं की नशीब. माझ्या डोक्यात एकदा 'का' शिरला की तो बाहेर पडेपर्यंत मला घास गोड लागत नाही. सासूबाई म्हणतात, तुझं नाक देवानं वास घ्यायला दिलं नाही, खुपसायला दिलंय. म्हणू देत.

पण या वेळी नुसती खाज नव्हती, पोटाचा प्रश्न होता. कंपनीनं या गाड्या आमच्या रिक्षा संघटनेला वापरून बघायला दिल्या होत्या. करार असा, की ठेवल्या तर सगळ्या ठेवायच्या, परत केल्या तर सगळ्या परत. निवडायचं काही नाही. रविवारी बैठक होती आणि अर्धा स्टँड कुरकुरत होता. गाडी चढ चढत नाही, पॅसेंजर शिव्या देतात, आमच्या जुन्या पेट्रोलच्या परत आणा. आणि सगळ्यांच्या पुढे, आवाज सगळ्यात मोठा, आमचे आबा.

त्या 'सगळ्या' गाड्यांमध्ये एक माझी होती. त्याआधी मी लाँड्रीत इस्त्री करायचे. दिवसभर उभी, समोर वाफ, आणि बघायला काय, तर लोकांच्या शर्टांच्या कॉलरी. रिक्षा चालवायला मला आबांनीच शिकवलं होतं, नवरा दूरच्या बंदरावर क्रेनवर लागला तेव्हा. म्हणाले, घरात एकाला तरी हात बसलेला असावा. पण शिकून करणार काय? पेट्रोलच्या रिक्षांचे नवे परवाने कधीच बंद झाले होते. असलेले बापाकडून मुलाकडे जात. सुनेकडे कुणाचा जातो? विजेच्या गाड्या आल्या, त्यांना परवाना लागेना, तेव्हा कुठे मला हँडल मिळालं. मला ती गाडी हवी होती. सरळच सांगते, नवरा महिन्यातून एकदा घरी येतो त्याची वाट बघितली नसेल तितकी मी रोज सकाळी ती प्लगवरून काढायची वाट बघायचे.

तर आबांविषयी. स्टँडवर त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, उस्ताद म्हणतात. माणूस छत्रीच्या काडीसारखा, पण हँडलवर बसला की राजा. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी: पेट्रोल. बाकीच्यांची टाकी रिकामी व्हायची तेव्हा उस्तादांची अर्धी भरलेली असायची. त्यांना थेंब वाया गेलेला दिसला की डोळ्यांतून पाणी गेल्यासारखं व्हायचं. टायर अंगठ्यानं दाबून हवा सांगायचे. उन्हात रिक्षा उभी करायची नाही, पेट्रोल उडतं. चढाला लागण्याआधी अंदाज घ्यायचा, उतारावर चावी बंद करायची, सिग्नलला लांबूनच मूठ सोडायची, ब्रेक हा गरिबाचा शत्रू. थेंबे थेंबे तळे साचे, हे ते श्लोकासारखं म्हणायचे.

आणि हे सगळं त्यांनी फुकट वाटलं. स्टँडवरचे निम्मे लोक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मागच्या सीटवर बसायचे आणि चुकलं की मागून टपली. टपलीचा मान मोठा होता. उस्तादांची टपली खाल्लेला ड्रायव्हर उपाशी मरत नाही, असं म्हणत. मी तर इतक्या टपल्या खाल्ल्या की केस का विरळ झाले ते मी कुणाला विचारत नाही. एका बाबतीत मात्र मी कधीच वठणीवर आले नाही. पाण्याच्या टाकीपासून खाली तो लांब उतार आहे ना, तिथे चावी बंद करायला माझा हातच धजायचा नाही. आवाज थांबला की मला वाटायचं, रस्त्यानंच आपला हात सोडला. आबा चिडायचे. "उधळी आहेस तू," म्हणायचे, "बापाचा पेट्रोलपंप असल्यासारखी चालवतेस!" पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी नाद सोडला.

असो. मंगळवारी संध्याकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "आबा, उद्या चाव्या बदलूया. तुम्ही माझी घ्या, मी तुमची घेते."

"कशाला?"

"दोष गाडीत असेल तर गाडीबरोबर जाईल."

"घे. चढावर ढकलताना कळेल तुला," ते म्हणाले. सासूबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बशीत चहा ओतला.

बुधवारी दुपारी टाकीच्या अलीकडे, त्याच वळणावर, माझी लाडकी गाडी उभी. आबा शेजारी, कपाळावर आठ्या. मी त्यांची 'खराब' गाडी घेऊन त्यांच्या शेजारून गेले तेव्हा तिच्यात भरपूर चार्ज होता. हसू दाबायला मला ओठ चावावा लागला.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "बघ! तुझीही बिघडली."

"आणि तुमची बरी झाली?"

"तिला जरा विश्रांती मिळाली असेल."

"दिवसभर मी पळवली तिला, आबा."

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या घरात वर्तमानपत्र उघडलं की चर्चा संपते. पण माझ्या डोक्यात आता लख्ख झालं होतं, की आजार गाडीला नाही. माणसाबरोबर फिरतोय. एवढं कळलं आणि त्यानं कोडं सुटण्याऐवजी जास्तच गुंतलं. कारण गाडी चालवण्यात आबांच्या नखाची सर मला नाही. त्यांच्या हातात दमणारी गाडी माझ्या हातात कशी टिकते?

गुरुवारी मी स्टँडवर खानेसुमारीला निघाले. फेरी संपली की पुढच्या गाडीपाशी जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग हळूच विचारायचं, तुमची दमते का हो? पहिला भेटला घड्याळ. त्याला घड्याळ म्हणतात कारण चार वाजता निघतो म्हणाला की चारलाच निघतो. गाडी अशी चालवतो की पॅसेंजरच्या मांडीवरचं बाळ उठत नाही. त्याची गाडी दमते. पहिलवान, जो घाटातून उलट्या दिशेनंसुद्धा गाडी आणेल, त्याची दमते. त्यांच्या बरोबरीचे आणखी चार जुने, सगळे नावाजलेले, सगळ्यांच्या दमतात.

मग गेले छत्रीवाल्याकडे. हा आधी बसस्थानकाच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करायचा, विजेच्या गाड्या आल्यावर पहिल्यांदाच हँडल धरलेला. देहानं आडवा, पोट हँडलला लागतं. ब्रेक मारतो तो आत बसलेल्याचे दात हलतील असा. वळणावर आधी देवाचं नाव घेतो, मग वळतो.

"तुमची दमते का?" मी विचारलं.

"कोण?"

"गाडी!"

"नाही बुवा. मी दमतो. ती पळते."

गवंडीकाम सोडून आलेले दोघे भाऊ आहेत, त्यांचीही तीच तऱ्हा. चालवणं यथातथा, गाडी ठणठणीत. म्हणजे ज्यांना येतं त्यांच्या गाड्या आजारी आणि ज्यांना येत नाही त्यांच्या टुणटुणीत! नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण ऐकलेली. इथे नाचता येणाऱ्यांचंच अंगण वाकडं झालं होतं. मला इतकं नवल वाटलं की पुढच्या फेरीत एका पॅसेंजरला मी त्याच्या थांब्याच्या पुढे नेऊन सोडला आणि बोलणी खाल्ली.

परत आले तर घड्याळ हँडल पुसत होता. माझ्या तोंडून सहज गेलं, "तुम्हाला रिक्षा कुणी शिकवली?"

तो हसला. "हे काय विचारणं झालं? उस्तादांनी!"

पहिलवानाला विचारलं. उस्तादांनी. बाकीच्या चौघांना विचारलं. त्यातला एक तर डोक्याला हात लावून म्हणाला, "टेंगूळ दाखवू?" छत्रीवाल्याला आणि त्या भावांना कंपनीच्या माणसांनी मैदानात गोल गोल फिरवून शिकवलं होतं.

आतापर्यंत कोडं म्हणून मजा येत होती, ते आता आमच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं. पण एक धागा अजून सुटा होता. मीही त्यांचीच चेली. मग माझी का नाही दमत? हे सगळे असं काय शिकले, जे मी शिकले नाही?

शुक्रवारी सकाळी इस्पितळापाशी मी आबांना म्हटलं, "माझी गाडी इथेच उभी केलीय. खाली बाजारात काम आहे, मला खाली सोडा." खोटंच होतं, काम काही नव्हतं. मी त्यांच्या मागे बसले, जिथून ते टपल्या मारायचे त्याच जागी, आणि त्यांच्या खांद्यावरून पाहत राहिले.

इस्पितळाच्या फाटकातून गाडी निघाली. काही चुकीचं नाही. मूठ लोण्यासारखी फिरते, खड्डा आधी दिसतो, कुत्रं आधी दिसतं. टाकी आली, उतार सुरू झाला. आणि आबांचा उजवा हात खाली गेला. खट्. चावी बंद.

समोरचा छोटा पडदा काळा झाला. गाडी आपल्या वजनानं घरंगळू लागली. तशीही ती फारसा आवाज करत नाही, पण आता नुसता वारा आणि टायरचा सरसर आवाज. आबा ब्रेकला बोटानं गुदगुल्या करत होते, तेवढ्यानंच गाडी वळणं घेत होती. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतका सुखी चेहरा मी त्यांचा घरी कधी पाहिला नाही. सगळं आयुष्य ज्यानं रस्त्याकडून काही फुकट घेतलं नाही, त्याला रोज एवढा एक उतार फुकट मिळत होता. बसस्थानकापाशी सपाटी आली, खट्, चावी सुरू.

"थेंबही गेला नाही," आबा म्हणाले.

आबा, हिच्यात थेंब असतोच कुठे, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. मला आधी खात्री करायची होती.

दुपारी मी सासूबाईंना घरून उचललं. "चला, गाडीत बसा."

"कुठे?"

"वर आणि खाली."

"वर काय आहे?"

"काही नाही. मला फक्त तुमचे डोळे हवेत. मी रस्त्याकडे बघणार, तुम्ही माझ्या खांद्यावरून हा आकडा वाचायचा. बॅटरीत किती उरलंय त्याचा आकडा आहे तो."

सासूबाईंना आकडे आवडतात, आयुष्यभर घरी शिवणकाम करून लोकांची मापं घेतलेली. टाकीपाशी मी गाडी थांबवली. "किती?"

"सेहेचाळीस."

मी मूठ सोडली, चावी मात्र तशीच चालू. मी नेहमी जाते तशी, भित्र्यासारखी, हळूहळू. गाडी स्वतःच स्वतःला थोडी मागे ओढत उतरत होती. ही ओढ मला पहिल्या दिवसापासून जाणवायची आणि तिच्यामुळेच मला ही गाडी आवडायची. पेट्रोलच्या रिक्षेनं हात सोडला तरी ही धरून ठेवते, असं वाटायचं. का धरते, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. मी! जिला दूध का उतू जातं तेसुद्धा कळून घ्यायचं असतं!

"सेहेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. "सेहेचाळीस. सेहेचाळीस. अगं... सत्तेचाळीस झाले!"

"नीट बघा."

"मला सत्तेचाळीस कळत नाही का? सत्तेचाळीस!" त्या माझ्या खांद्याला धरून जवळजवळ उभ्या राहिल्या. वळणं संपून बसस्थानक दिसायला लागलं तेव्हा त्या ओरडल्या, "अठ्ठेचाळीस! अगं, ही उतारावर जेवते!"

रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. चुणचुणीत मुलगी, गाड्या आल्या तेव्हा आठवडाभर स्टँडवर होती. ती म्हणाली, हो ताई, चढावर बॅटरी मोटरला फिरवते, उतारावर चाक मोटरला फिरवतं आणि मोटर उलट बॅटरी भरते. फक्त चावी चालू हवी. बंद केली की उतार वाया. तुमच्या रस्त्यावर तर दर फेरीला थोडं थोडं परत मिळतं, दिवसाच्या शेवटी तेच उपयोगाला येतं.

"मग हे सांगितलं का नाही आम्हाला?"

ती अडखळत म्हणाली, "प्रशिक्षणात सांगितलं होतं, ताई. पण तुमचे उस्ताद उठले ना, आम्हाला काय चालवायला शिकवता म्हणून, आणि त्यांच्यामागे सगळेच चहाला गेले."

आठवलं. मीही गेले होते. सासरे उठल्यावर सून बसून राहते होय? छत्रीवाला राहिला होता, कारण तो बाकावर झोपला होता.

सासूबाईंनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. घरापाशी उतरताना म्हणाल्या, "हे तू त्यांना सांगणार?"

"नाही तर परवा गाड्या परत जातील."

"तुला गाडी हवी की सासरा?"

"दोन्ही हवेत," मी म्हटलं आणि मला रडूच आलं. रागाचं होतं की कशाचं, कोण जाणे. थेंब वाचवायचं व्रत घेतलेला माणूस रोज आपल्या हातानं सांडत होता, आणि ज्यांना जीव लावून शिकवलं त्यांनाही सांडायला लावत होता. हे त्याला सांगायचं कुणी? ज्या उधळ्या सुनेला कधी जमलं नाही तिनं?

शनिवारी संध्याकाळी आबा अंगणात टायर दाबून बघत होते. मला गोड बोलून गोळी देता येत नाही, देताना हात थरथरतो आणि गोळी सांडते. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगून टाकलं. चाव्यांची अदलाबदल, घड्याळ, पहिलवान, छत्रीवाला, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, इंजिनिअर. आबांनी एकदाही मधे तोडलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"उतारावर भरते?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हो, आबा."

"चावी चालू ठेवली तर?"

"हो."

त्यांनी अंगठा टायरवरून काढला, उठले, गाडी प्लगवरून काढली आणि गेले. आम्ही दोघी दारात उभ्या. तासाभरानं घड्याळाचा फोन आला, उस्तादांना काय झालंय, टेकडीवर रिकामी गाडी घेऊन वर जातायत, खाली येतायत, पुन्हा वर जातायत, हाक मारली तरी थांबत नाहीत. मी म्हटलं, त्यांना जाऊ द्या.

जेवायच्या वेळेला आले. पानावर बसले, भात चिवडला, हात धुतले. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, विचारू नकोस. मी ठरवून टाकलं होतं की बैठकीत मी बोलणार नाही. चारचौघांत सासऱ्याची चूक काढून मिळालेली गाडी मला चालवता आली नसती. बोलायचं तर त्यांनी. आणि नाही बोलले, तर सोमवारपासून लाँड्री. लाँड्रीवाल्यानं विचारलंही होतं.

रविवारची बैठक संघटनेच्या पत्र्याच्या खोलीत होती. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. अध्यक्ष म्हणजे आबांच्याच वयाचे जुने ड्रायव्हर. त्यांनी फार घोळ घातला नाही. म्हणाले, "तक्रारी सगळ्यांना माहीत आहेत. कंपनीची माणसं तपासून गेली, म्हणतात दोष नाही. आपल्याला रोज भोगावं लागतंय. गाड्या परत करायच्या का, हात वर करून सांगा. त्याआधी उस्तादांना काही बोलायचं असेल तर बोलू देत."

सगळ्यांनी आबांकडे वळून पाहिलं. त्यांनी परत करा म्हणायचा अवकाश, खोलीभर हात वर जाणार होते. मी दाराजवळ उभी होते.

आबा उठले. घसा साफ केला. "ज्यांची गाडी चढावर दमते," ते म्हणाले, "त्यांनी एक हात वर करा."

घड्याळानं केला, पहिलवानानं केला, मग भराभर कितीतरी हात वर गेले.

"खाली घेऊ नका. तसेच ठेवा. आता ज्यांना रिक्षा मी शिकवली त्यांनी दुसरा हात वर करा."

लोक हसले. पण करायला लागले. ज्यांचा एक हात वर होता त्यांनीच दुसराही वर केला. पोलिसांनी धरल्यासारखी अर्धी खोली दोन्ही हात वर करून उभी. मग ते एकमेकांकडे बघायला लागले आणि हसणं थांबलं. छत्रीवाला आणि ते दोघे भाऊ हात खाली सोडून इकडेतिकडे पाहत होते.

मी एकच हात वर केला होता. पहिल्या प्रश्नाला नाही, दुसऱ्याला. सगळ्या खोलीत एकच हात वर असलेली मी एकटी.

"ती बघा," आबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, पण नजर माझ्याकडे नव्हती. "माझ्याच हाताखाली शिकली. तिची गाडी दमत नाही. का दमत नाही? टाकीपासून उतारावर चावी बंद कर, हे मी तिला शंभरदा सांगितलं. टपल्या मारून सांगितलं. तिनं ऐकलं नाही." ते थांबले. "तुम्ही ऐकलंत."

मग आबांनी सगळं समजावलं. मोटर, चाक, आकडा कसा वर चढतो ते. मी सांगितलं होतं त्याहून चांगलं समजावलं, कारण शिकवणं त्यांना येतं. शेवटी म्हणाले, "मी काल स्वतः बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. गाड्या चांगल्या आहेत. मी चुकीचं शिकवलं."

अध्यक्षांनी हात वर करून सांगा असं पुन्हा विचारलंच नाही. मला धावत जाऊन आबांचे पाय धरावेसे वाटत होते. गाडी माझी राहिली हे मला कळत होतं, पण त्याचा आनंद कुठेतरी मागे राहून गेला होता, आणि पुढे फक्त ते काडीसारखं शरीर होतं, त्या सगळ्या वर धरलेल्या हातांसमोर उभं.

हात अजून कुणी खाली घेतले नव्हते. उस्तादांनी घ्या म्हटलं नव्हतं ना.

घड्याळ दोन्ही हात तसेच वर ठेवून, शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "उस्ताद, उतारावरचं कळलं. पण बाकीचं? बाकीचं तरी बरोबर आहे ना, तुम्ही शिकवलेलं?"

आबांनी विचार केला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

हे दोन शब्द त्या स्टँडवर उस्तादांच्या तोंडून आधी कुणी ऐकले नव्हते. घरात मीही नव्हते ऐकले. बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा मात्र पडला नाही. उलट त्यांचे डोळे असे झाले की मला वाटलं, आता हे मलाच काहीतरी विचारणार.

"सकाळी सगळे टाकीपाशी या," ते म्हणाले. "शिकवलेलं एकेक करून बघू."

मग हात खाली आले.